जपानला गेलेली एकशेवीस चाकं आणि माझे कान

काझाल्बोना,
सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, नोव्हेंबर

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला आणि एर्सिलियाताईला माझा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. गुडघे एकदा टेकले की परत सरळ करायला आमच्या सौ. योलांदाला हाक मारावी लागते, आणि ती आली की नमस्कार बाजूला राहून माझ्या वजनाचा विषय निघतो.) तुमची पाठ कशी आहे? गेल्या वेळी ताईने कळवलं होतं की डॉक्टरांनी तुम्हाला जमिनीवर झोपायला सांगितलं आणि तुम्ही डॉक्टर बदललात. योग्यच केलंत. शार्लरुआच्या थंडीत जमिनीवर झोपायला तुम्ही काही गोठ्यातलं वासरू नाही. इकडे आम्ही सुखरूप आहोत. धुकं असं पडलंय की काल मी अर्धा तास कुणाला तरी टोपी काढून रामराम करत होतो आणि तो दुधाच्या कॅनचा रॅक निघाला.

तुमच्या कानावर आलं असेल की आमची डेअरी विकली गेली. विकली नाही. हे मी पहिल्या पानावरच लिहून टाकतो, नाहीतर ताई पत्र वाचता वाचता रडायला लागेल आणि तुम्हाला पुढचं काही कळणार नाही. डेअरी आहे, तिची मालक असलेली बारा घरं आहेत, गायी आहेत, आणि तुमचा हा मेहुणा लेआर्कोसुद्धा आहे. पण मधले सहा महिने माझा जीव टांगणीला लागला होता, तो का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता सगळं पार पडलंय, म्हणून निवांत लिहितो.

तुम्ही बेल्जियमला गेलात तेव्हा घंटाघरावर चढलं की सात डेअऱ्यांची धुराडी दिसायची. आता एकच दिसतं, आमचं. बाकीच्या सहांतल्या दोन ठिकाणी लग्नाचे हॉल झाले, एका ठिकाणी व्यायामशाळा निघाली. (तिथे लोक पैसे भरून लोखंडाचे गोळे उचलतात. आमच्याकडे चाळीस किलोची चीजची चाकं फुकट उचलायला मिळतात, तर माणूस फिरकत नाही.) गायींचं दूध काढायला गुरमुख आणि त्याचे जालंधरचे भाऊबंद आहेत म्हणून बरं, नाहीतर गायींनाच एकमेकींचं दूध काढायला शिकवावं लागलं असतं. गुरमुख वीस वर्षं इथे आहे. आमची गावठी बोली माझ्या पुतण्यापेक्षा चांगली बोलतो आणि शिव्या तर माझ्यापेक्षाही. चारा महागला, वीज महागली आणि घरची माणसं चीज कमी खायला लागली. ज्याला विचारावं त्याला डॉक्टरने मनाई केलेली. म्हणजे आमची सगळी भिस्त परदेशावर. तिथेही जकातीचा आकडा हवामानासारखा, सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. वर दुकानात आमच्याच चीजच्या शेजारी त्याची नक्कल मांडलेली. पाकिटावर आपला झेंडा, आपल्यासारखंच नाव, आणि आत जे काही असतं ते करणाऱ्याने आमची गाय चित्रातसुद्धा पाहिलेली नसते. न्यूजर्सीचा आमचा जुना गिऱ्हाईक वर्षाला तीनशे चाकं उचलायचा. त्याने मार्चमध्ये कळवलं, थोडं थांबू. आता चीज थांबतं हो, मुरतच राहतं. पण गाय थांबत नाही. ती रोज सकाळी दूध देते आणि तुमच्याकडे बघते.

अशा वेळी पो नदीपलीकडच्या एका बड्या कंपनीचा माणूस निळा सूट घालून आला. म्हणाला, तुमची डेअरी आम्ही घेतो, नाव तेच ठेवतो, भिंतीवर तुमच्या आजोबांचे फोटोही ठेवतो, फक्त दूध टँकरने आमच्याकडे येईल. तुम्ही सगळे आमच्या परिवारात याल. (परिवारात येणाऱ्याने आधी किल्ल्या काढून द्यायच्या असतात हे मला नवीन होतं.) बारापैकी सात घरं त्याच्या बाजूला झुकली. त्यांना मी दोष देत नाही. मुलं शहरात, कंबर दुखते आणि गायीला रविवार नसतो. शेवटी ठरलं ते असं. जपानच्या नागोया गावच्या एक होशिकावाबाई आमचं चीज बघायला येणार होत्या. त्यांनी माल उचलला आणि तो तिकडे नीट निघाला तर डेअरी ठेवायची, नाहीतर ऑक्टोबरच्या सभेत निळ्या सुटाला द्यायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दाजी, तुम्ही बसून वाचताय ना? मला ऐकू येत नाही.

तुम्ही पोलादातले, म्हणून जरा उलगडून सांगतो. चाक दोन वर्षं मुरलं की ते आतून भरीव आहे की कुठे पोकळी धरलीय हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडलं तर विकता येत नाही. म्हणून एक माणूस छोटी हातोडी घेऊन चाकावर सगळीकडे ठोकतो आणि कान देतो. भरीव चाक एका सुरात बोलतं. पोकळ चाक मध्येच खोकतं. बस, विद्या एवढीच. ती मी शेहेचाळीस वर्षं केली. आजूबाजूच्या गावांत म्हणायचे, लेआर्कोला दाराबाहेरून चाकाचा आजार कळतो. डावा कान तर पूर्वीच अधू झाला होता, त्याचं मी कधी मनावर घेतलं नाही. उजवा गेल्या हिवाळ्यात गेला, तोही असा चोरपावलांनी की मला वाटलं आमचे पाद्री फादर फिओरेन्सो वीज वाचवायला घंटा कमी वाजवतात. मी त्यांच्याकडे लेखी तक्रार केली. त्यावर त्यांचं लेखी उत्तर आलं की घंटा पूर्वीइतकीच वाजते, तुम्ही चर्चमध्ये मिस्सेला येत चला म्हणजे कळेल.

कुणाला सांगितलं नाही. योलांदालाही नाही. (ती बोलते ते तसंही चाळीस वर्षं मी मान हलवूनच ऐकत आलो, त्यामुळे घरात फरक कुणाला जाणवला नाही.) तुम्ही म्हणाल, यात लाजायचं काय? दाजी, ज्या माणसाची ओळखच त्याच्या कानाने, त्याने कान गेला म्हणून सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं की उद्यापासून मी फक्त एक म्हातारा आहे. मी मनाची समजूत घातली की हाताला ऐकू येतं. हातोडीचा दणका मनगटात येतो, तेवढ्यावर भागेल. आणि चेहरा तोच ठेवायचा: डोळे अर्धे मिटलेले, ओठ आवळलेले, प्रत्येक चाकापुढे थोडं थांबायचं. चेहऱ्यावर अर्धा धंदा चालतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

मे महिन्यात होशिकावाबाई आल्या. पन्नाशीच्या, बारीकशा, आपली भाषा माझ्यापेक्षा शुद्ध बोलणाऱ्या, पण हळू. इतक्या हळू, की मला नुसते ओठ दिसत होते. आमची मुख्य कारागीर निव्हेस (आमच्या कढया आता तीच सांभाळते, पंचेचाळीस वर्षांची आहे, हात लोखंडाचा आणि जीभही) त्यांना सगळं दाखवत होती आणि मी मागे माझा तो चेहरा घेऊन उभा. बाईंनी मला काहीतरी विचारलं. मी अंदाज बांधला की वजन विचारलं असणार, सगळे वजनच विचारतात. म्हटलं, अडतीस किलो, सालीसकट. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं की हे काम किती वर्षं करता. जेवताना त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी सांगितलं की गुरं निरोगी आहेत, देवाची कृपा. तो प्रश्न माझ्या बायकोबद्दल होता. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला. म्हणाल्या (हे निव्हेसने मला कागदावर लिहून दाखवलं, म्हणे परदेशी पाहुण्यांचं सगळं लिहून ठेवलेलं बरं), पहिली एकशेवीस चाकं लेआर्कोसाहेबांनी स्वतः निवडावीत, आणि दुकानात लावायला त्यांचा फोटो द्यावा, कान दिसेल असा.

फोटो काढला. दाजी, तो कान नागोयाच्या अकरा दुकानांत लागलाय, आणि शेहेचाळीस वर्षांत इतका देखणा कधी दिसला नव्हता.

निवड तीन दिवस चालली. मी सांगितलं, मला शांतता पाहिजे, चाकं मुरतात त्या कोठीत कुणी यायचं नाही. (शांततेची मला गरज! मी शांततेत गळ्यापर्यंत बुडालो होतो.) पहिल्या रांगेची चाकं मनगटावर भरवसा ठेवून काढली. दुसऱ्या रांगेला मनगट बधिर झालं. तिसऱ्या दिवशी मी चाकावर गाल टेकवून ठोकत होतो, दातांनी ऐकत होतो, आणि खरं सांगू, शेवटची वीसेक मी तोंडं बघून निवडली. जी चाकं प्रामाणिक वाटली ती घेतली. दुपारी जेवून तासभर आडवा व्हायला घरी जायचो, तेवढीच विश्रांती. चौथ्या दिवशी ट्रक ला स्पेत्सिया बंदराकडे निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या (हात हलताना दिसले), आणि मी ट्रक दिसेनासा होईपर्यंत गुरमुखच्या खांद्याला धरून उभा राहिलो.

मग सुरू झालं वाट बघणं. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं, म्हणजे माझे हाल चांगले लांबणार होते. योलांदाने हाताने सारण भरून केलेले आवडते टोर्टेलीसुद्धा घशाखाली उतरेनात. योलांदाला वाटलं माझ्या पोटात काही झालं, तिने पंधरा दिवस भाताची पेज पाजली. मी हिशेब करायचो की एकशेवीसमधली दहा जरी पोकळ निघाली तर नागोयाच्या एखाद्या दुकानात बाई चाक फोडणार, आत भेग दिसणार, वर भिंतीवर माझा कान. आणि इकडे बारा घरांच्या किल्ल्या निळ्या सुटाच्या खिशात.

ऑगस्टमध्ये, मरियामातेच्या सणाआधी, हे ओझं सहन होईना म्हणून मी पापनिवेदनाला गेलो. अकरा वर्षांनी. फादर फिओरेन्सोंना जाळीतून सगळं सांगितलं. ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? ते पुन्हा बोलले. मी पुन्हा म्हटलं, काय? चौथ्या वेळी त्या भल्या माणसाचा धीर सुटला आणि ते असे ओरडले की मलासुद्धा स्वच्छ ऐकू आलं: "बाबा रे, बहिरा आहेस तर बहिरा आहे म्हणून सांग लोकांना! एवढंच प्रायश्चित्त!"

बाहेर आलो तर रांगेत पाच बायका, त्यांत निव्हेसची आई. पाचही जणी जपमाळेकडे एकाग्र होऊन बघत होत्या. माझ्या लक्षात आलं की आता गावात बातमी माझ्या आधी पोहोचणार, आणि निव्हेसला ती आईकडून कळण्याआधी मी सांगितलेलं बरं. सायकल काढली. दाजी, सत्तराव्या वर्षी मी तशी सायकल मारली जशी तुम्ही ताईला बघायला आला होतात तेव्हा मारली होती. (तुमच्यामागे आमचा कुत्रा लागला होता, ही गोष्ट वेगळी.)

निव्हेस कढया धूत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि टोपी काढून सांगितलं की निव्हेस, मला ऐकू येत नाही, हिवाळ्यापासून नाही, जपानची चाकं मी आंधळेपणाने निवडली, आणि उद्या मी सगळ्या घरांना सांगणार आहे. तिने नळ बंद केला. हात पुसले. मग माझ्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द ओठांनी नीट दाखवत ती बोलली.

"लेआर्कोकाका, आम्हाला माहीत आहे."

मी विचारलं, आम्हाला म्हणजे कुणाला?

"सगळ्यांना. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपासून. तुम्ही झोपायला घरी जायचात ना दुपारी? तेव्हा मी आणि गुरमुख तुमची चाकं परत ठोकायचो. सात बदलली. त्यांतल्या पाचांच्या जागी तुम्ही नाकारलेली चांगलीच चाकं आत घेतली."

मला आधी इतकं हलकं वाटलं की मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो. मग लगेच राग आला. (माणसाची जात बघा. बुडताना वाचवलं की आधी विचारतो, कपडे का भिजवले.) मी म्हटलं, सहा महिने मला वेड्यासारखं नाचवलंत, कुणी एका शब्दाने बोललं का नाही? पोकळ चाकांपुढे डोळे मिटून उभा राहायचो, तेव्हा मागे हसत होता काय?

"हसलो एकदाच," ती म्हणाली. "दाराच्या फटीतून बघत होतो, तुम्ही चाकाला गाल लावून पापा घेतल्यासारखं करत होतात तेव्हा. गुरमुखला बाहेर पाठवावं लागलं." मग ती माझ्या बादलीसमोर खाली बसली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो, काका. तुमचा कान आहे. आम्ही कोण सांगणार?"

दाजी, मी टोपी परत डोक्यावर घातली. कढईत बघत बसलो. कढई रिकामी होती.

पण तरी घोर संपला नव्हता, कारण निव्हेसलाही तिच्या कानाची खात्री नव्हती. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती माझ्यामागे उभी राहून जेवढं उचलता येईल तेवढं उचलत आली होती, आणि ज्याच्याकडून उचललं तो बहिरा. आता तीही पेज प्यायला लागली. अखेर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होशिकावाबाईंचं पत्र आलं. गुरमुखने कोठीच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि मग माझ्यासाठी आणखी मोठ्याने. एकशेवीस चाकं कापून झाली, पाकिटं भरली, एकही चाक पोकळ निघालं नाही. पुढच्या वर्षी चारशे हवीत. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आमच्याकडची भांडी तर हजार लिटरची, त्यामुळे बराच आवाज झाला असणार.

पत्राच्या खाली आणखी चार ओळी होत्या. बाईंनी लिहिलं होतं की निवडीच्या पहिल्या दिवशी त्या गाव सोडण्याआधी विसरलेली छत्री न्यायला दुपारी परत आल्या, तेव्हा कोठीत त्यांना एक बाई हातोडी घेऊन आणि एक पगडीवाला गृहस्थ चाकं सरकवताना दिसले. त्यांनी दारातून पाहिलं, आणि गाडीत बसून करारावर सही केली. ज्या डेअरीत चाक दोनदा तपासतात आणि म्हाताऱ्या माणसाला एकदाही दुखवत नाहीत, तिथला माल आपल्याला हवा, असं त्यांना वाटलं. पुढच्या खेपेला फोटो त्या दुसऱ्या ठोकणाऱ्या बाईंचा पाठवावा. माझा कान मात्र दुकानांत राहू द्यावा, गिऱ्हाइकांना आवडतो.

निव्हेस रडली. मी रडलो नाही, माझ्या डोळ्यांत चीजची धूळ गेली होती.

ऑक्टोबरच्या सभेत निळा सूट पुन्हा आला होता, या वेळी करड्या सुटात. पहिल्याने मी उभा राहिलो आणि फादर फिओरेन्सोंनी दिलेलं प्रायश्चित्त सगळ्या बारा घरांसमोर फेडलं. मग माझी हातोडी स्वखुशीने खाली ठेवली आणि निव्हेसचं नाव सुचवलं. मग डेअरीचं मत झालं. नऊ घरं ठेवायच्या बाजूने, तीन विकायच्या. करड्या सुटाने सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशी जरा जास्त वेळ, आणि कानाशी येऊन काहीतरी बोलला. काय ते मला कधीच कळणार नाही, आणि मला त्याचं सुख आहे. न्यूजर्सीचा गिऱ्हाईक अजून थांबलेलाच आहे, चारा अजून महाग आहे, नक्कल अजून खपतेय. चारशे चाकांनी सगळं सुटत नाही, एवढं मलाही कळतं. पण दोन वर्षं तरी धुराडं पेटतं राहील. दोन वर्षं म्हणजे आमच्या धंद्यात एका चाकाचं आयुष्य, थोडं नाही.

सरकारी दवाखान्यातून मला कानात घालायचं यंत्र मिळालं. पहिल्याच दिवशी कळलं की आमचा फ्रिज गुणगुणतो, माझे बूट करकरतात, आणि योलांदा मी मान हलवून ऐकत असे तेव्हा काय काय बोलत होती. तिच्या पुष्कळ तक्रारी योग्य होत्या. मी अशा चाळीस वर्षांच्या थकलेल्या माफ्या एकदम मागितल्या. तिने मला दुसऱ्या दिवशी यंत्र काढून ठेवायला सांगितलं, म्हणे एवढं लक्ष दिलं तर बोलायला संकोच वाटतो.

तर असं सगळं निभावलं. पाठ सांभाळा, कोळशाच्या शेगडीजवळ बसा, आणि ताईला सांगा की तिच्या भावाचं बरं चाललंय, काळजीतून उतरलाय आणि पुन्हा टोर्टेली खातोय. नातवंडांना माझ्याकडून गालगुच्चे. मुक्काम पोस्ट जुनंच आहे, धुक्यातून दिसलं तर या.

तुमचा मेहुणा,
लेआर्को

ता. क. सोबत चीजचा तीन किलोचा तुकडा पाठवतो आहे. फडक्यात गुंडाळून ठेवा, ताईने फ्रिजरमध्ये घातला तर मला कळवू नका.

ता. क. दोन: वर मी 'स्वखुशीने' लिहिलंय. ते तसं नव्हतं. हातोडी मी खाली ठेवली, मग उचलली, मग म्हटलं की यंत्र मिळेपर्यंत निव्हेसने सांभाळावी, नंतर बघू. त्यावर हात वर करून मत घेतलं. हातोडी कायमची निव्हेसलाच: बारा विरुद्ध एक. योलांदा आमच्या घराच्या वतीने माझ्याआधीच हात वर करून बसली होती, पण मी माझा वेगळा धरला.

ता. क. तीन: आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ताईच्या लग्नानंतर आमचे बाबा गेले, तेव्हा ती आठवण म्हणून त्यांची ठोकायची हातोडी शार्लरुआला घेऊन गेली. तुमच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला मी आलो होतो, तेव्हा तुम्ही तिने अक्रोड फोडत होतात. मी काही बोललो नाही. पाहुणा होतो, आणि अक्रोडही चांगले होते. दाजी, ती पाठवून द्या, निव्हेसला तिची स्वतःची म्हणून द्यायची आहे. निव्हेस आजवर माझ्याच हातोडीने ठोकते आहे, आणि दुसऱ्याच्या हातोडीने स्वतःचा कान तयार होत नाही. ताई रडेल, तिला सांगा की घराबाहेर जात नाही, कामावर परत जातेय. अक्रोडांसाठी चिमटा याच पार्सलमध्ये ठेवलाय. फक्त एक करा, निव्हेसच्या पत्त्यावर नको, माझ्या पत्त्यावर पाठवा. द्यायच्या आधी मी कोठीत जाऊन, यंत्र लावून, बाबांच्या हातोडीने एक चाक ठोकून बघणार आहे. एकच.